मुद्देमालातला डेरा

मी एक डेरा आहे. मातीचा नव्हे, ओकच्या लाकडाचा. कमरेएवढा उंच, खाली रुंद, वर निमुळता आणि अंगावर तीन लोखंडी पट्टे. झाकणाला मधोमध भोक आहे. त्यातून दांडा खाली-वर केला की पोटातल्या सायीचं लोणी होतं. एवढंच माझं काम. या कामापायी एका बाईची बोटं मोडली, असं सांगितलं तर कुणालाही खोटंच वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मला घडवलं वाइट रेबमानने. माइन नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर आमचं चाळीस चुलींचं गाव. त्यात पिंपं आणि डेरे बनवणारा तो एकटाच. तो फळ्या वाकवायचा आणि त्याची बायको आपोलोनिया त्यांना वाफ द्यायची. माझ्या अंगात पहिलं उकळतं पाणी तिनेच ओतलं, नव्या लाकडाचा उग्र वास जावा म्हणून. ते पाणी तिने तीन दिवस बदललं.

कुनिगुंडेच्या लग्नात तिच्या बापाने मला विकत घेतलं. लीनहार्ट नावाच्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरात मी तिच्याबरोबर आलो. ते घर वाइटच्या घराला अगदी लागून होतं. मधे एक दगडी भिंत आणि भिंतीवर वाकलेलं आलुबुखाऱ्याचं झाड. काही वर्षांनी वाइट तापाने गेला. मग गावात आपोलोनियाला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. सगळे तिला रेबमनीण म्हणू लागले. एकट्या बाईला गाव असंच काहीतरी म्हणतं.

कुनिगुंडे कामाला वाघीण होती, पण तिला स्वतःचं फार कौतुक. आठवड्यातून दोनदा लोणी निघायचं, पिवळंधमक आणि घट्ट. ते पानात गुंडाळताना ती आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या हाताला लोणी लागलंय."

खरी गोष्ट मला माहीत होती आणि मोलकरीण ओटिलीला. ओटिली बारा वर्षांची असताना या घरात आली. पहिल्या हिवाळ्यात घुसळून घुसळून तिचे खांदे भरून आले, पण साय नुसती फेसाळायची. एका दुपारी ती भिंतीपाशी रडत उभी होती. मी उन्हात पालथा वाळत होतो. पलीकडून आपोलोनियाने विचारलं, काय झालं. पोरीने सांगितलं तेव्हा ती हसली.

"साय गारठलीय गं. गारठलेल्या माणसाकडून तरी काम होतं का? घुसळायच्या आदल्या संध्याकाळी मडकं चुलीपाशी ठेव, राखेच्या जवळ. तापवायचं नाही हं, नुसती ऊब लागू द्यायची."

त्या दिवसापासून ओटिली तसंच करू लागली. मालकिणीला तिने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालकिणीच्या हाताचं कौतुक कमी झालं असतं, आणि मोलकरणीला एवढं शहाणपण असलेलं कुणाला आवडतं? सहा हिवाळे असे गेले. सहावा सरता सरता ओटिलीचं लग्न झालं. नदीच्या वरच्या बाजूला चार तासांच्या वाटेवर एक गाव आहे, तिथल्या गाडीवानाशी. ती गेली आणि तिच्याबरोबर राखेची ऊबही गेली.

उन्हाळ्यात काही अडलं नाही, पण पुढचा हिवाळा फार कडक होता. विहिरीच्या काठावर बर्फ साचायचा. कुनिगुंडेने सायीचं मडकं उत्तरेकडच्या कोठीत ठेवलं, नासू नये म्हणून. मग ठरल्या दिवशी बाह्या सरसावून घुसळायला बसली. तासभर, दोन तास. साय फुगली, झाकणाच्या भोकातून फेस वर आला, पण लोण्याचा एक कण दिसला नाही. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला लीनहार्ट दारात उभा राहून गमतीने म्हणाला, "तुझ्या हाताने सुट्टी घेतलेली दिसते."

ती हसली नाही. तिने पाद्रीबाबांनी मंतरलेलं मीठ आणून माझ्या पोटात टाकलं. खडूने माझ्या अंगावर क्रूस काढला. आणि मग ती बघायला लागली. घुसळायच्या दिवशी दारावरून कोण गेलं, कोण थांबलं, कुणी खिडकीतून आत मान वळवली. विस्तव मागायला आलेल्या बाईला ती उंबऱ्यावरच थांबवायची आणि तिच्या हाताकडे, पायांकडे निरखून बघायची. लोणी निघत नव्हतं, पण तिच्या डोक्यात दिवसभर घुसळण चालू होती.

खरं सांगू? मलाच माझा संशय येऊ लागला. वाटायचं, एखादी फळी कुजली असेल. किंवा आपल्या पोटात रात्रीत कुणीतरी शिरत असेल आणि आपल्याला कळतही नसेल. एकच गोष्ट चार वेळा ऐकली की लाकूडसुद्धा विश्वास ठेवतं.

एका मंगळवारी दुपारी आपोलोनिया दाराशी आली. उजव्या मनगटाला तिने चिंधी गुंडाळली होती. गावच्या सामाईक भट्टीतून पाव काढताना तापलेल्या दगडाला हात लागला, असं म्हणाली. हंसाची चरबी असली तर बोटभर दे, नाहीतर थोडं लोणी.

लोणी म्हटल्याबरोबर कुनिगुंडेचा चेहरा बदलला.

"चरबी संपली," ती म्हणाली. "आणि लोण्याचं तुला ठाऊक असेलच."

"मला काय ठाऊक असणार?"

"उगाच म्हटलं."

आपोलोनिया निघून गेली. चरबीची बरणी माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती. अर्धी भरलेली. कुनिगुंडेने वर बघितलं, मग बरणी उचलून कपाटात आत ढकलली. आपल्याकडून नाही म्हटलं गेलं की माणसाला समोरच्यातच काहीतरी खोट सापडावी लागते.

बुधवारी तिचा भाऊ बार्थेल आला. तो लोहार. त्याला सगळ्या गोष्टींवर इलाज माहीत असायचा. त्याने घोड्याचा नाल आणला आणि चुलीत लालबुंद होईपर्यंत तापवला.

"आत टाकतो," तो बहिणीला म्हणाला. "जिने हे केलंय, तिचं अंग भाजेल. मग गावात कोण पोळलेलं दिसतं ते बघ."

नाल माझ्या पोटात पडला. साय चर्रर्र करून उसळली. नाल तळाशी जाऊन टेकला आणि मला पहिल्यांदा कळलं, जळणं म्हणजे काय. अजून माझ्या तळाला तो अर्धगोल काळा डाग आहे. बार्थेलने चिमट्याने नाल काढला, कुनिगुंडेने दांडा धरला, आणि थोड्याच वेळात लोणी आलं.

येणारच होतं. सायीला ऊब मिळाली होती. पण हे मी कुणाला सांगणार?

लोणी बघून कुनिगुंडेला आनंद झाला नाही. ती दांडा हातात धरून तशीच उभी राहिली आणि खिडकीतून भिंतीकडे बघत राहिली.

"रेबमनिणीचा हात भाजलाय," ती हळूच म्हणाली.

बार्थेलने विचारलं, कधी?

तिने दांडा खाली ठेवला. मग म्हणाली, "काल... आजच असेल. आज."

एवढंच झालं. मंगळवारचा बुधवार झाला.

गुरुवारी ही गोष्ट विहिरीवर गेली, तिथून बार्थेलच्या तोंडून गुत्त्यात. आठवड्याभरात घरोघरच्या बायका आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझा तळ बघून गेल्या. येताना प्रत्येकीने काहीतरी आणलं होतं. कुणाचं वासरू दोन वर्षांपूर्वी मेलं होतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी रेबमनीण गोठ्यावरून गेली होती. कुणाचं राईचं पीक गारांनी झोडपलं होतं. कुणाचा नवरा रात्री घोरायचा थांबून दचकून उठायचा. कुणाच्या घरात काही बिघडलेलं नसतं? फक्त आता त्याला लावायला एक नाव मिळालं होतं. बायका बोलता बोलता एकमेकींकडेही बघायच्या. जी कमी बोलेल तिच्यावर नजर जायची, म्हणून सगळ्या जास्तच बोलायच्या.

भिंतीपलीकडे आपोलोनियाच्या कोंबड्यांचा आवाज यायचा. तिचा नाही.

पंधरा दिवसांनी अंमलदाराची माणसं आली. त्यांनी कुनिगुंडेला विचारलं, हात कधी भाजला? लीनहार्ट बायकोकडे बघत होता. त्यालाही मंगळवार आठवत असावा, कारण त्या दुपारी तो अंगणात लाकडं फोडत होता. पण तो काही बोलला नाही. कुनिगुंडे म्हणाली, "बुधवारी. नाल टाकला त्याच वेळी."

मला गाडीवर चढवलं. आपोलोनियाला गाडीमागे चालवलं, दोरीने बांधून. पुलावर गाडी उसळली आणि मी कलंडलो, तेव्हा तिने चांगल्या हाताने मला सावरलं.

"वाइटने घट्ट बांधलाय," ती शिपायाला म्हणाली. "पडला तरी फुटायचा नाही."

शिपायाने दोन बोटांचा क्रूस केला आणि तिला मागे ओढलं.

कचेरीत माझ्या अंगावर कागद चिकटवला: मुद्देमाल. मला दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मागे एक जाड दार होतं, त्याच्या आत चौकशी चालायची. अंमलदार जाड, शांत माणूस होता, त्याने कधी आवाज चढवला नाही. कारकून बारीक आणि कायम गारठलेला, बोटं काखेत धरून बसायचा आणि लिहायच्या वेळीच बाहेर काढायचा.

आतून प्रश्न ऐकू यायचे. तेच ते. सैतान कुठे भेटला, काय नावाने आला, लोणी कसं बांधलंस. आपोलोनिया म्हणायची, मला ठाऊक नाही. मग बोटं आवळायच्या लाकडी पेचाचा आवाज यायचा. मी लाकूड आहे, तो आवाज मला ओळखू येतो. फळी दाबली की आधी कुरकुरते, मग मोडते. तिथे फळी नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती हो म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी नाही म्हणाली. कारकुनाने दोन्ही सारख्याच सुबक अक्षरात लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, कुणाला शिकवलंस? इथे मात्र ती एकदम गप्प झाली. तिला सुटायचं असतं तर एक वाक्य पुरे होतं: ओटिलीला बोलवा, ती सांगेल लोणी का येत नव्हतं. पण चौकशीत ज्याचं नाव निघतं तोही आत जातो, हे तिला कळत होतं. तिने ओटिलीचं नाव घेतलं नाही. पेच आणखी फिरले, तरी घेतलं नाही.

ओटिली स्वतःच आली.

गाडीवान नवऱ्याने बातमी नेली होती. एका सकाळी ती दिवाणखान्यात उभी राहिली, शालीत तान्हं बाळ, बुटांना चिखल. अंमलदाराला म्हणाली, त्या डेऱ्यात मी सहा वर्षं घुसळलंय, लोणी कशाने अडतं ते मला दाखवू द्या. अंमलदाराने तिला थांबवून घेतलं. मग फिर्यादी म्हणून कुनिगुंडेला बोलावणं धाडलं आणि शेजारच्या घरातून साय मागवली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आपोलोनियाला दाराशी स्टुलावर बसवलं होतं. तिचे हात मांडीवर होते, फडक्यात. मी तिकडे बघू शकलो नाही. ओटिली तर मुद्दाम तिकडे पाठ करून उभी होती.

साय दोन मडक्यांत होती. एक रात्रभर अंगणात ठेवलेलं, एक चुलीपाशी.

"मालकीणबाई, तुम्हीच घुसळा," ओटिली म्हणाली. "म्हणजे माझ्या हाताचं निमित्त नको."

कुनिगुंडेने दांडा धरला. पहिली साय माझ्या पोटात पडली, दगडासारखी गार. तासभर ती घुसळत राहिली. फेस. नुसता फेस. मला रिकामं केलं, दुसरी ओतली. थोड्या वेळाने दांडा जड झाला, मग एकदम हलका, आणि आत दाणे फिरू लागले. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझ्यात काही वाईट नव्हतं.

अंमलदार उठून आला, झाकण काढून आत बघितलं आणि लोण्यात बोट घातलं. चाखलं मात्र नाही. मग कारकुनाने लेखणी बुडवली आणि विचारलं, "ही विद्या तुला कुणी शिकवली?"

इतका वेळ ओटिली लोण्यात अडकली होती, हा प्रश्न येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं नाव दाराशी बसलं होतं. ते घेतलं तर गुरू आणि शिष्य दोघीही आत. तिने बाळाला घट्ट धरलं. आपोलोनियाने डोळे मिटले.

"मी शिकवलं," कुनिगुंडे म्हणाली.

अंमलदाराने वळून बघितलं. "तू? मग तुला स्वतःला का जमलं नाही?"

"मोलकरीण होती तोवर मला करावं लागत नव्हतं. विसरले." तिने दांडा अजून सोडला नव्हता. "आणि साहेब, माझं चुकलं. रेबमनीण आमच्या दाराशी आली ती मंगळवारी. हात आधीच भाजलेला होता. नाल आम्ही बुधवारी टाकला."

ती असं का बोलली, मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या फडक्यातल्या हातांमुळे असेल. किंवा गावच्या बायका आता तिच्याही दारावरून जाताना पावलं भराभर उचलत होत्या, लोहाराच्या तंत्राने लोणी काढणारी ही कोण, असं कुजबुजत होत्या, त्याची भीती असेल. कदाचित मोलकरणीला आणखी कुणी शिकवलं हे तिला सोसलं नसेल. माणसाच्या चांगल्या वागण्यात काय काय मिसळलेलं असतं, ते डेऱ्याला वेगळं काढता येत नाही.

आपोलोनियाला सोडलं. सूड घेणार नाही आणि इथे काय झालं ते कुणाला सांगणार नाही, अशी शपथ तिच्याकडून घेतली. ओटिलीचा नवरा तिला गाडीत घालून आपल्या गावी घेऊन गेला. खोटी साक्ष दिली म्हणून कुनिगुंडेला तीन रविवार मेणबत्ती घेऊन चर्चच्या दारात उभं राहावं लागलं. मला परत न्यायला ती आली नाही.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण एकदा संशयाची सवय लागली की गावाला करमत नाही. आठ वर्षांनी, गुरं रोगाने मरू लागली तेव्हा, याच दिवाणखान्यात कुनिगुंडेचं नाव वाचलं गेलं. चेटकिणीला वाचवायला धावली होती, म्हणजे त्यांच्यातलीच असणार, असं म्हणे. लीनहार्ट तेव्हा हयात नव्हता. बार्थेल गावात असूनही आला नाही.

नवा अंमलदार साक्षीदार शोधत होता. त्याने जुनी कागदपत्रं काढली आणि आपोलोनियाला बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता हिशेब पुरा होणार.

ती म्हातारी झाली होती. वाकड्या बोटांनी काठी धरली होती. कुनिगुंडे समोर उभी होती, पण मान वर करत नव्हती. अंमलदाराने विचारलं, या बाईने तुझं कधी वाईट केलं?

"केलं," आपोलोनिया म्हणाली. "माझे हात बघा."

कारकुनाने भराभर लिहायला घेतलं.

"मग ती चेटकीण आहे, असं तू शपथेवर सांगतेस?"

"नाही साहेब. ती माझी शेजारीण होती. एवढं वाईट करायला शेजारीण पुरते, सैतान कशाला लागतोय?"

दिवाणखान्यात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. अंमलदाराने आणखी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. तिने तीनदा तेच सांगितलं. साक्षीदारच उरला नाही, तेव्हा पाच आठवड्यांनी कुनिगुंडेला सोडून द्यावं लागलं.

दोघी दारातून बाहेर पडल्या त्या मागेपुढे. एकमेकींशी बोलल्या नाहीत. पायरीपाशी आपोलोनियाची काठी घसरली. कुनिगुंडेने तिचा दंड धरला, पायऱ्या उतरवल्या आणि सोडला. मग एक नदीच्या वरच्या बाजूला गेली आणि एक खालच्या.

मी अजून कचेरीतच आहे. स्वयंपाकीण माझ्यात सुके वाटाणे ठेवते. पट्टे सैल झालेत, एक फळी उकललीय. कागद मात्र अजून चिकटून आहे. नवे लोक येतात, तो वाचतात आणि माझ्यापासून हातभर लांब बसतात. परवा स्वयंपाकीण शिपायाला म्हणत होती, या हिवाळ्यात सरपण कमी पडलं तर हा फोडू या. शिपाई घाबरला. म्हणाला, नको, काय सांगावं, त्यात काहीतरी असेल.

बाबांनो, माझ्यात वाटाण्यांशिवाय काही नाही. मला फोडा, चुलीत घाला, त्यावर कुणाचं तरी सूप शिजू द्या. त्याआधी फक्त हा कागद तेवढा माझ्या अंगावरून सोलून काढा.